मुंबईतली पावसाची सुट्टी मुलांसोबत घरी कशी घालवावी

माझी नणंद कॅनडात असते. जानेवारी-फेब्रुवारीत तिचा फोन आला की मागून पोरांचा कल्ला ऐकू येतो, "मामी, आज बर्फाची सुट्टी!" रात्रभर बर्फ पडलेला असतो, पहाटे शाळेचा निरोप येतो आणि अख्खं घर दिवसभर घरात. मुंबईत बर्फ पडत नाही, पण सुट्टी थेट तशीच मिळते. आपली सुट्टी पावसाची.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे उन्हामुळे शाळा सकाळची व्हायची. पावसामुळे शाळा बंद राहते हे मला लग्नानंतर मुंबईत शीवला (सायनला) राहायला आल्यावर कळलं. पहिल्या वर्षी तो दिवस उगवला तेव्हा घरात दूध नव्हतं, फोनची बॅटरी 12 टक्क्यांवर होती आणि नवरा ऑफिसला निघून गेला होता. दिवसभर मी नुसती खिडकी आणि फोन यांच्यामध्ये येरझारा घातल्या. थोरली तेव्हा चार वर्षांची होती. तिला त्या दिवसातलं काय आठवतं विचारलं तर म्हणते, "तू सारखी ओरडत होतीस."

म्हणून लातूर, जळगाव, सोलापूर, नागपूरकडून नव्याने मुंबईत आलेल्या घरांसाठी हे लिहिते आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की समजली: मोठ्यांची कामं सकाळी नऊच्या आत उरकली, तर उरलेला दिवस मुलांचा होतो. नाही उरकली, तर तो दिवस काळजीतच जातो.

पायरी 1: सुट्टी खरंच आहे का, ते नीट कळून घ्या

पावसाची सुट्टी कधी आदल्या रात्री जाहीर होते, कधी पहाटे, तर कधी पोरं शाळेत पोचल्यावर. 8 जुलै 2024 ला रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि महापालिकेने सकाळच्या सत्राच्या शाळांना सुट्टी दिली. आमची थोरली तेव्हा गणवेश घालून मोजे शोधत होती. 18 ऑगस्ट 2025 ला उलटं झालं. सकाळची मुलं शाळेत गेली होती आणि सुट्टी दुपारच्या सत्राला मिळाली. दुसऱ्या दिवशी, 19 तारखेला मात्र सगळ्याच शाळा बंद होत्या.

सुट्टी महापालिका जाहीर करते, तेव्हा आधी तिचा निरोप पाहा, मग शाळेचा. पालकांच्या ग्रुपवर मागच्या वर्षीचे निरोप तारीख कापून फिरत असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

आदल्या रात्री दोन गोष्टी बघून ठेवल्या की साधारण अंदाज येतो. एक म्हणजे हवामान खात्याचा इशारा. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग असतात. लाल म्हणजे 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्याही वर पाऊस पडण्याची शक्यता. दुसरी म्हणजे भरतीची वेळ, आणि नवीन माणूस हीच विसरतो. मुंबईच्या पावसाचं पाणी गटारांतून समुद्रात जातं. भरती मोठी असेल तर समुद्राची पातळी गटारांच्या तोंडापेक्षा वर चढते, मग पाणी जाणार कुठे? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं. 4.5 मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची नावं बातम्यांत ऐकू येतात. भरतीची वेळ वर्तमानपत्रात छापून येते आणि महापालिकाही कळवते. आमच्याकडे ती रात्री फ्रीजवर लिहून ठेवतात. हे काम धाकट्याचं आहे. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते हे त्याला आता पाठ झालंय, त्यामुळे उद्याची वेळ तो स्वतःच सांगतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी. तुमचं घर डोंगराच्या पायथ्याशी किंवा संरक्षक भिंतीला लागून असेल, किंवा तळमजल्यावर आणि सखल भागात असेल, तर लाल इशाऱ्याचा दिवस घरात मजा करायचा नाही. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत घरांवर भिंत आणि दरड कोसळून झोपेतली माणसं गेली. महापालिकेने हलायला सांगितलं तर सामानाचा विचार न करता मुलांना घेऊन नातेवाइकांकडे किंवा नेमून दिलेल्या शाळेत जा. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916 आणि पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांसाठी 112, हे दोन्ही मुलांकडून पाठ करून घ्या.

पायरी 2: मे महिन्यातच एक डबा भरून ठेवा

मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2025 साली तो 26 मे लाच येऊन थडकला आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या कुरडया भिजल्या. तेव्हापासून मी मेच्या मध्यालाच डबा भरते.

त्यात टॉर्च आणि तिचे सेल, चार्ज केलेली पॉवर बँक, दुधाची पावडर, ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, जंतुनाशक, काडेपेटी, पत्त्यांचे दोन कॅट, डिंक आणि जुनी वर्तमानपत्रं असतात. काडेपेटी घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवा. मुंबईच्या हवेत जुलैमध्ये काड्या ओढल्या तरी पेटत नाहीत, मीठ पाझरतं, बिस्किटं तासाभरात मऊ पडतात. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायचे हे मला शेजारच्या आजींनी शिकवलं. त्या रत्नागिरीच्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते म्हणून त्यांच्याकडे सोडे, सुकट अशी सुकी मासळी, कुळथाचं पीठ आणि फणसाचे पापड मेअखेर भरलेले असतात. पावसाळ्यासाठी घर कसं भरायचं हे कोकणातल्या माणसाकडून शिकावं.

पायरी 3: सकाळची कामं, नऊच्या आत

सगळे फोन चार्जिंगला लावा. पिण्याचं पाणी भरून घ्या आणि खळखळून उकळा. सोसायटीची जमिनीखालची टाकी तुंबलेल्या पाण्यात बुडाली तर नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून आधीचं स्वच्छ पाणी हाताशी असलेलं बरं. बादल्याही भरा, कारण वीज गेली की पंप बंद. खिडकीच्या खालच्या फटीत जुने टॉवेल पिळून दाबा आणि प्लगजवळची पुस्तकं, दप्तरं वर उचला.

लिफ्ट वापरू नका. पाणी साचलं की ते आधी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतं. मीटरच्या खोलीत पाणी शिरताना दिसलं तर वॉचमनला लगेच सांगा आणि आपल्या घरातला मेन स्विच कोरड्या हाताने बंद करा.

मग घरातल्या मोठ्यांनी ऑफिसचं ठरवून टाका. जायचं नसेल तर तसं कळवा आणि तो विषय संपवा. मुलांसमोर "जाऊ की नको" हे दोन तास चाललं की घरातली हवा बिघडते.

पायरी 4: पाण्यात उतरायचं नाही

इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

नव्याने आलेल्या घरातली मुलं साचलेलं पाणी पाहून वेडी होतात. आमचीही झाली. दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत मी थोरलीला कागदी होड्या सोडायला खाली आवारात नेलं होतं. पाणी जेमतेम घोट्याएवढं. तिची एक चप्पल वाहून निघाली, ती धरायला ती दोन पावलं पुढे गेली आणि पाण्याखालच्या फुटक्या लादीने तळवा कापला. जखम लहान होती. पण डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न जखमेबद्दल नव्हता, "पाण्यात किती वेळ होती?" असा होता.

कारण लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या मुतातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या बारीकशा चिरेतूनही अंगात शिरतात. पाणी स्वच्छ दिसतंय की नाही याचा काही संबंध नाही. कुणाला नाइलाजाने अशा पाण्यातून चालावं लागलंच, तर घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, कोरडे करा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधाचं औषध वेळेत घेतलं तरच त्याचा उपयोग. मात्र ते वयावर, प्रकृतीवर ठरतं, त्यामुळे शेजारणीने सांगितलेली गोळी मुलांना परस्पर देऊ नका.

दुसरी भीती पाण्याखालच्या खड्ड्यांची. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि गेले. ते प्रौढ होते, रोजच्या ओळखीच्या भागात होते. मुलांना हे घाबरवण्यासाठी सांगू नये, पण सांगावं. मी आमच्या दोघांना सांगितलंय की तळ दिसत नाही त्या पाण्यात पाय टाकायचा नाही. या एका नियमावर घरात वाद होत नाही.

भिजायची हौस मात्र भागवावी. विजा चमकत नसतील, गच्चीला छातीएवढा कठडा असेल आणि एक मोठं माणूस सोबत असेल तर दहा मिनिटं गच्चीवर भिजू द्या. आभाळातून थेट पडणाऱ्या पावसाने कुणाचं काही बिघडत नाही. खाली आल्यावर डोकं पुसा, कोरडे कपडे घाला आणि कपभर गवती चहा-आल्याचं गरम दूध द्या. होड्या बाथरूममधल्या टबात सोडा. वर्तमानपत्राची होडी दोन मिनिटांत बसते, पण कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाची बराच वेळ तरंगते, हा आमच्या धाकट्याचा शोध.

पायरी 5: बाटलीत पाऊस मोजा

सुट्टीच्या दिवशी करण्यासारखं एकच काम सांगा म्हटलं तर मी हे सांगेन.

दोन लिटरची रिकामी बाटली घ्या. वरचा निमुळता भाग जिथे संपतो आणि सरळ भिंत सुरू होते, तिथे ती आडवी कापा. कापायचं काम मोठ्यांचं, कारण कड धारदार असते. त्या कडेवर चिकटपट्टी फिरवा. कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळाशी मूठभर स्वच्छ खडे टाका, खडे बुडून सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी ओता आणि तिथे मार्करने शून्याची रेघ मारा. रेघेच्या वर मुलांची पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक.

ते ठेवायची जागा गच्ची. कठड्यापासून लांब, वर कशाचीही सावली नको, चार विटांच्या मध्ये घट्ट. ठेवायला मोठ्यांनी जावं. गच्ची मिळत नसेल तर खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवा. तिथे आकडा बरोबर येणार नाही, कारण छज्जा अर्धा पाऊस अडवतो आणि वारा उरलेला आत ढकलतो. पण दर तासाला किती चढलं हे तरी मुलांना बघता येतं.

वेळ सकाळी साडेआठची धरा. हवामान खातं 24 तासांचा पाऊस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 असाच मोजतं. मुंबईत त्यांच्या दोन वेधशाळा, कुलाबा आणि सांताक्रूझ. तुम्ही त्याच वेळेला मोजलंत, तर मुलांना आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. कुलाब्याला 30 आणि सांताक्रूझला 130, असाही दिवस असतो. मग प्रश्न सुरू होतात, "आपल्याकडे 80 कसा?" या प्रश्नांवर तासभर सहज जातो.

बाटलीत साधारण 150 मिलिमीटर पाऊस मावतो. लाल इशारा असेल तर दुपारी एकदा वाचून, लिहून, रेघेपर्यंत रिकामी करा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही आकड्यांची बेरीज करा. मापाचा अर्थही मुलांना सांगा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आमची गच्ची 300 चौरस मीटरची. 100 मिलिमीटर पाऊस पडला की एका गच्चीवर 30,000 लिटर, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. मे महिन्यात सोसायटीने टँकर मागवलेले मुलांनी पाहिलेले असतात, त्यामुळे हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का बसतो.

आमच्या दाराच्या चौकटीवर दोघांच्या उंचीच्या रेघा आहेत. गेल्या वर्षी थोरलीने तिथे लाल पेन्सिलने 94.4 सेंटिमीटरवर आणखी एक रेघ मारली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. धाकटा चौकटीला पाठ लावून उभा राहिला, तर रेघ त्याच्या छातीशी आली. जिथे पडला तिथेच थांबला असता तर पाऊस एवढा उंच झाला असता, हे सांगितल्यावर तो बराच वेळ रेघेवर हात ठेवून उभा होता. त्या दिवशी कुलाब्याला 73 मिलिमीटरच पडला होता. एकाच शहरात!

पाऊस मोजून झाला की मुंबईचा नकाशा पसरा आणि मिठी नदी बोटाने शोधायला लावा. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की त्यांचं पाणी मिठीला मिळतं, मग ती साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असं करत सुमारे 18 किलोमीटरांनी माहीमच्या खाडीत जाते. शेजारी मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची नावं लिहा: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा. त्यांच्यात किती पाणी जमलं हे पावसाळ्यात रोज जाहीर होतं. ज्या पावसाने आज शाळा बंद पाडली त्याचंच पाणी आपण मार्चमध्ये पिणार आहोत, हे मुलांना कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

भजी, आणि स्वयंपाकघरात मुलांची कामं

भजी होणारच. फक्त ती तुम्ही एकट्याने करू नका.

कांदे उभे, पातळ चिरा. चार मध्यम कांदे चौघांना पुरतात. कांद्यावर मीठ टाकून ताट मुलांच्या पुढे द्या आणि पाकळी न् पाकळी सुटी करायला सांगा. दहा मिनिटांत कांद्याला पाणी सुटतं. नवशिक्यांची चूक इथेच होते, ते वरून पाणी ओततात. वरचं पाणी घालायचंच नाही. सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ, हातावर चोळलेला ओवा, तिखट, हळद, कोथिंबीर आणि शेवटी दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मिश्रण सैल नको, कांदा पिठाला जेमतेम धरून राहील इतकंच. मध्यम आचेवर तळा. तेल बुडबुडायचं कमी झालं आणि झाऱ्यावर घेतल्यावर भजी खुळखुळ वाजली की काढा. कढईपासून मुलं चार हात लांब. ताटली घेऊन दारात उभं राहायचं काम धाकट्याचं, आणि पहिली चार भजी शेजारच्या आजींकडे पोचवायची हे त्याचं दुसरं काम.

जेवायला पिठलं-भात, नाहीतर मुगाची खिचडी, सोबत भाजलेला पापड. भाजलेला पापड लगेच खा, पाच मिनिटांत तो चामड्यासारखा होतो. फार पदार्थ करत बसू नका. त्या दिवशी भांडी घासायला मदतनीस ताई येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये. त्यांच्याही घरात पाणी शिरलं असेल. सकाळीच फोन करून "आज येऊ नका, पगार कापणार नाही" असं सांगा.

दुपार

काही शाळा सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन तास घेतात. माझं मत असं की एखाद-दुसरा तास लावावा आणि लॅपटॉप बंद करावा. वर्षातून असे चार-पाच दिवस मिळतात.

खेळ भरपूर आहेत. पत्त्यांत लहानांना गाढवपत्ता आणि बदामसात, मोठ्यांना पाच-तीन-दोन. नाव-गाव-फळ-फूल खेळताना आम्ही एक रकाना वाढवलाय, "रेल्वे स्टेशन". नव्याने आलेल्या मुलांना मुंबई त्यातून चटकन पाठ होते. बांगडीच्या काचा असतील तर काचापाणी, सागरगोटे नसतील तर चिंचोके. घरात आजी-आजोबा असतील तर दुपार त्यांच्या हातात सोपवा. ते त्यांच्या गावच्या पुराच्या गोष्टी सांगतील, आणि त्या गोष्टी दुसऱ्या कुठल्याच दिवशी निघत नाहीत.

चारच्या सुमाराला मुलं कंटाळतात, भांडतात. कंटाळू द्या. आमचा धाकटा असाच कंटाळून खिडकीत बसला असताना त्याला समोरच्या खांबावर भिजलेली घार दिसली. पंख अर्धे उघडे टाकून ती तिथेच बसून होती. त्याने तिचं चित्र काढलं, ते अजून कपाटावर आहे.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका, मेणबत्ती पडद्यापासून लांब ठेवा, आणि टॉर्च भिंतीवर मारून सावल्यांचे प्राणी करा. पाण्याने भरलेल्या पारदर्शक बाटलीखाली फोनची टॉर्च लावली की खोलीभर उजेड पसरतो. फोन मात्र एकाचाच वापरा, बाकीचे राखून ठेवा.

घरी न पोचलेलं माणूस

घरातलं कुणी बाहेर असेल तर संध्याकाळ अवघड जाते. लोकल थांबल्या, की रुळांवरून चालत निघायचं नाही, ऑफिसमध्ये किंवा स्टेशनवर थांबायचं, हे सकाळीच ठरवून घ्या. दर अर्ध्या तासाला फोन करू नका, दोघांच्याही बॅटरी संपतात. आमचं ठरलेलं आहे, दर दोन तासांनी एक ओळीचा मेसेज. "दादरला आहे. खाल्लं." एवढं पुरतं. मुलांना खोटं सांगू नका, "बाबा आत्ता येतीलच" म्हणू नका. "बाबा आज ऑफिसमध्येच झोपणार आहेत, तिथे चहा आहे" असं सांगितलं की मुलं शांत होतात. एका वर्षी तर दोघांनी बाबांची उशी मध्ये ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ

बाटली खाली आणा. डोळे पाण्याच्या पातळीच्या समोर आणून वाचा, वरून वाकून नको. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात मुलांच्या हाताने लिहून घ्या, मग वेधशाळेचे दोन्ही आकडे बघा आणि त्याच चौकोनात बारीक अक्षरात लिहा.

नंतर बाटली पूर्ण रिकामी करून पुसून उपडी घाला. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, पडलेल्या करवंट्याही रिकाम्या करा. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. आमच्याकडे हे काम थोरली करते. धाकटा फ्रीजजवळ उभा राहून आजच्या भरतीत 50 मिनिटं मिळवत असतो.